एनबीएचा कोणता काळ सर्वांत मोठा? तुलना करायची एक रीत

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, नव्याने बघायला लागलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या काही आठवड्यांतच एक वाद येतो. मायकल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स, इथून तो सुरू होतो. मग कुणी बिल रसेलची अकरा विजेतेपदं काढतं, कुणी विल्ट चेंबरलेनचे सामन्यामागे पन्नास गुण, आणि स्टेफ करीचा चाहता ठासून सांगतो की त्या काळातल्या खेळाडूंना आजच्या कोर्टवर उभंसुद्धा राहता आलं नसतं. तासाभराने जो तो आपापलं मत घेऊन घरी जातो.

हा वाद मला मनापासून आवडतो आणि तो नीट घालता येतो असं माझं ठाम मत आहे. अडचण होते ती सुरुवातीलाच. आपण थेट खेळाडूंची नावं घेतो आणि ती माणसं कोणत्या नियमांखाली, किती संघांच्या लीगमध्ये, किती वेगाने खेळत होती हे विचारायचं राहून जातं. कसोटी खेळणाऱ्या गावस्करांना आपण टी-ट्वेंटीच्या स्ट्राइक रेटने मोजत नाही, तेवढाच विवेक इथे वापरायचा आहे. तो कसा वापरायचा, हे पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: काळाच्या सीमा नियमांवरून आखा

बहुतेक जण दशकांवरून किंवा खेळाडूंवरून काळ पाडतात: जॉर्डनचा काळ, कोबी ब्रायंटचा काळ. सोयीचं आहे, पण त्यातून खेळ का बदलला ते कळत नाही. खेळ बदलला तो नियमांमुळे, म्हणून वहीत आधी नियमांची वर्षं लिहून काढा.

सर्वांत मोठी रेघ १९५४ ची. त्याआधी चेंडू हातात ठेवण्यावर वेळेचं बंधनच नव्हतं. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. हा पूर्ण सामन्याचा स्कोअर आहे. लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा उंचापुरा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा खेळाडू, होता आणि त्याच्याशी झुंजण्यापेक्षा चेंडू नुसता धरून ठेवणं पिस्टन्सला परवडलं. लेकर्सच्या अठरापैकी पंधरा गुण एकट्या मायकनचे. प्रेक्षक असल्या खेळाला किती दिवस पैसे देणार?

यावर तोडगा काढण्यात पुढाकार होता सिरॅक्युज नॅशनल्सचा मालक डॅनी बायसोनी याचा. या गृहस्थाचा मूळ धंदा बोलिंग ॲलीचा. त्याने हिशेब मांडला: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर चेंडू मारतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार करा, एका प्रयत्नाला २४ सेकंद येतात. १९५४-५५ च्या हंगामापासून शॉट क्लॉक, म्हणजे २४ सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, लागू झाला आणि संघाची सामन्यामागची सरासरी ७९.५ वरून एकाच वर्षात ९३.१ वर गेली. आजही घड्याळ तेच आहे. १९५४ च्या आधीचा खेळ तुलनेतून बाजूला ठेवायला माझी हरकत नाही, तो जवळजवळ वेगळाच खेळ होता.

पुढच्या रेघा थोडक्यात. बास्केटखालची लेन (चढाई करणाऱ्याला जिथे फार वेळ थांबता येत नाही तो पट्टा) १९५१ मध्ये ६ फुटांवरून १२ फूट झाली ती मायकनमुळे, आणि १९६४ मध्ये १६ फूट झाली ती चेंबरलेनमुळे. मोठ्या सेंटरला रिंगपासून लांब ढकलायचं, एवढाच हेतू. १९७६ मध्ये एबीए ही प्रतिस्पर्धी लीग बंद पडली आणि तिचे चार संघ, नेट्स, नगेट्स, पेसर्स आणि स्पर्स, एनबीएत आले. १९७९ मध्ये थ्री-पॉइंट रेषा आली, तिच्या मागून मारलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण. २००१ मध्ये झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखण्याला) परवानगी मिळाली, आणि २००४ पासून ड्रिबल करणाऱ्या खेळाडूला हाताने रोखण्यावर पंच फारच कडक झाले. शेवटच्या दोन रेघांबद्दल लोक कमी बोलतात. माझ्या मते आजचा खेळ समजायला त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्यांच्याकडे परत येऊच.

दुसरी पायरी: आकड्यांतून वेग वजा करा

इथे नवखा माणूस हमखास फसतो, म्हणून जरा थांबून बघू. उदाहरणाला १९६१-६२ चा हंगाम घ्या, कारण रेकॉर्डबुकमधले सर्वांत अचाट आकडे त्या एका हंगामातले आहेत. चेंबरलेनची सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). ऑस्कर रॉबर्टसनचे ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट (ज्यावर लगेच गुण होतात ते पास), म्हणजे संपूर्ण हंगामाची सरासरीच ट्रिपल-डबल, तिन्ही आकडे दहाच्या वर.

आता त्या हंगामात खेळ कसा चालायचा ते पाहा. एक संघ सामन्यात सुमारे १०८ वेळा बास्केटवर चेंडू मारायचा. २०२३-२४ मध्ये हा आकडा ८९ च्या आसपास होता. नेम आजच्या मानाने कच्चा होता, लीगची टक्केवारी ४२.६. शॉट जास्त आणि हुकण्याचं प्रमाणही जास्त, म्हणजे रिबाउंडचा पाऊस. पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून सुटेपर्यंतचा एक डाव, त्या काळी सामन्यात प्रत्येक संघाला सव्वाशेच्या आसपास मिळत असावा असा अंदाज काढला जातो. आज तो शंभराच्या जरा खाली आहे.

कागद-पेन्सिल घ्या. ५०.४ ला ९९ ने गुणा आणि १२६ ने भागा: साधारण ३९.६. इथे थांबू नका. चेंबरलेन त्या वर्षी सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळला. सामना ४८ मिनिटांचा असताना! ओव्हरटाइम (बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ) धरून संपूर्ण हंगामात तो जेमतेम आठ मिनिटं बाहेर होता. आजचा मोठा खेळाडू ३५-३६ मिनिटं खेळतो. ३९.६ ला ३६ मिनिटांवर आणलं की आकडा २९ च्या घरात येतो. अजूनही मोठाच, पण आता तो माणसांच्या जगातला वाटतो.

मात्र हा हिशेब करून चेंबरलेनला लहान ठरवू नका. रोज ४८ मिनिटं, तेही कॅनव्हासचे बूट घालून, खेळणं हाच एक पराक्रम होता आणि भागाकारात तो दिसत नाही. म्हणून दुसरा हिशेब नेहमी सोबत ठेवा: हा खेळाडू स्वतःच्या काळातल्या इतरांच्या किती पुढे होता? त्या हंगामात एल्जिन बेलरची सरासरी ३८.३ होती, पण सैन्यसेवेमुळे त्याला ४८ सामनेच खेळता आले. पूर्ण हंगाम खेळलेल्यांत चेंबरलेनच्या मागे होता वॉल्ट बेलामी, ३१.६ वर. जवळजवळ १९ गुणांचं अंतर. असं अंतर कुठे दिसतं? २०१५-१६ च्या करीकडे पाहा: ४०२ थ्री-पॉइंटर. आधीचा विक्रम २८६ चा, तोही त्याचाच. त्या हंगामातला दुसरा माणूस, त्याच्याच संघातला क्ले थॉम्पसन, २७६ वर. चेंबरलेन आणि करी यांना शेजारी बसवायचं तर इथे बसवा. निव्वळ गुणांच्या सरासरीत ते कधीच जुळणार नाहीत.

रॉबर्टसनची तुलना रसेल वेस्टब्रुकशी होते, कारण २०१६-१७ मध्ये त्यानेही सरासरी ट्रिपल-डबल केलं (३१.६, १०.७, १०.४). रिबाउंडमध्ये वेस्टब्रुक सरस मानावा लागेल, कारण त्याला मिळायला कमी रिबाउंड होते आणि तो खेळला ३५ मिनिटांपेक्षा थोडं कमी. रॉबर्टसन ४४ हून जास्त. असिस्टमध्ये उलटं आहे. त्या काळचे आकडे नोंदवणारे असिस्ट देताना हात आखडता घेत, त्यामुळे रॉबर्टसनचे ११.४ मी जास्त वजनाचे मानतो.

तिसरी पायरी: जे मोजलंच गेलं नाही त्याची नोंद ठेवा

ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) १९७३-७४ पासून अधिकृतपणे मोजले जाऊ लागले. त्याआधीच रसेल निवृत्त झाला होता आणि चेंबरलेनचाही शेवटचा हंगाम १९७२-७३ होता. म्हणजे बचावातल्या दोन सर्वांत मोठ्या सेंटरच्या नावावर अधिकृत ब्लॉक शून्य. ‘सर्वाधिक ब्लॉक’ची यादी कुणी पुढे केली तर हे आठवा. चित्रणाचंही तसंच. २ मार्च १९६२ ला हर्शी या पेनसिल्व्हेनियातल्या गावी चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले, त्या सामन्याची फिल्म नाही, उरलंय ते रेडिओ समालोचनाचं ध्वनिमुद्रण.

चौथी पायरी: विजेतेपदं मोजताना संघही मोजा, आणि दार कुणाला उघडं होतं तेही

रसेलच्या बॉस्टन सेल्टिक्सने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं घेतली, त्यातली आठ लागोपाठ. १९५७ मध्ये लीगमध्ये आठच संघ होते. त्यातले सहा प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, जायचे, आणि आपल्या विभागात पहिल्या आलेल्या संघाला पहिली फेरी माफ. म्हणजे सेल्टिक्सला त्या वर्षी दोन मालिका जिंकून करंडक मिळाला. आज तीस संघ आहेत आणि चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सातपैकी चार जिंकण्याची.

एवढं ऐकून नवे प्रेक्षक अकरा विजेतेपदं मोडीत काढतात. त्याची दुसरी बाजूही ऐका. आठ संघ म्हणजे साऱ्या लीगमध्ये शंभराच्या आतबाहेर जागा. कमकुवत संघ असा फारसा नव्हताच, आणि तोच चेंबरलेन, तोच बॉब पेटिट वर्षभर पुन्हा पुन्हा समोर यायचा. रसेल कारकिर्दीत दहा वेळा मालिकेचा सातवा, निर्णायक सामना खेळला आणि दहाही जिंकला. १९६२ ला चेंबरलेनचे ५०.४ असताना एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, रसेलला मिळाला, आणि त्या वेळी मतदान खेळाडूच करत. समोर उभं राहून मार खाणाऱ्यांचं ते मत आहे, मी त्याला फार किंमत देतो.

मग प्रश्न येतो त्या जागा कुणाला मिळत होत्या याचा. १९५० पर्यंत या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू नव्हते. त्या वर्षी चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड आले; ३१ ऑक्टोबर १९५० ला लॉइड पहिल्यांदा कोर्टवर उतरला. त्यानंतरही कितीतरी वर्षं एका संघात किती जण घ्यायचे याची अलिखित मर्यादा असायची. मायकनच्या विजेतेपदांचं वजन ठरवताना हे विसरून चालणार नाही. दुसरं दार उघडलं ते १९८९ मध्ये, ड्राझेन पेट्रोविच, व्लादे दिवाच, शारुनस मार्चुल्योनिस हे युरोपीय आले तेव्हा. २०२३-२४ च्या हंगामाच्या सुरुवातीला लीगमध्ये अमेरिकेबाहेरचे सव्वाशेच्या आसपास खेळाडू होते. २०१९ पासून २०२५ पर्यंत एकदाही एमव्हीपी अमेरिकेत जन्मलेला नव्हता: ग्रीसचा यानिस, सर्बियाचा योकिच, कॅमेरूनमध्ये जन्मलेला एम्बीड, कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर. गुणवत्तेची विहीर इतकी खोल पूर्वी कधीच नव्हती, आणि आजच्या काळाच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

मधलं सत्तरचं दशक लोक सरसकट गाळतात, कारण गुणवान खेळाडू दोन लीगमध्ये वाटले गेले होते. गाळू नका. त्या दहा वर्षांत आठ वेगवेगळे संघ विजेते झाले आणि करीम अब्दुल-जब्बारने आपल्या सहा एमव्हीपींपैकी पाच तेव्हाच घेतले.

पाचवी पायरी: थ्री-पॉइंटरचं गणित स्वतः करून पाहा

‘पूर्वीचे लोक थ्री मारत नव्हते, म्हणजे त्यांना खेळ कळत नव्हता’ असं म्हणणाऱ्यासाठी ही पायरी. १९७९-८० या पहिल्या हंगामात एक संघ सामन्यात तीनपेक्षा कमी थ्री मारायचा आणि २८ टक्के बसायचे. दहा प्रयत्नांत ८.४ गुण. एकूण फील्ड गोलची (फ्री थ्रो सोडून सगळ्या शॉटची) टक्केवारी होती ४८, म्हणजे दोन गुणांच्या दहा प्रयत्नांत ९.६ हून जास्त. त्या वेळच्या प्रशिक्षकांचा निर्णय त्यांच्या हातातल्या आकड्यांनुसार अगदी बरोबर होता!

२०२३-२४ मध्ये थ्री साडेछत्तीस टक्के बसले: दहात जवळजवळ ११ गुण. म्हणून संघ सामन्यात पस्तीसच्या आसपास मारत होते. आकडेवारी मांडणाऱ्यांनी हे दाखवून दिलं खरं, पण आधी कुणालातरी तितकं चांगलं मारायला शिकावं लागलं. लहानपणापासून ती रेषा बघत वाढलेली पिढी यायला तीस वर्षं लागली.

सहावी पायरी: हायलाइट्स बंद, पूर्ण सामने सुरू

दोन सामने लागोपाठ पाहा. पहिला, १४ जून १९९८, फायनलचा सहावा सामना, शिकागो बुल्स विरुद्ध युटा जॅझ. स्कोअर ८७-८६, त्यातले ४५ जॉर्डनचे. दुसरा, २७ फेब्रुवारी २०१६, करीच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा ओक्लाहोमा सिटीतला सामना, १२१-११८, ओव्हरटाइममध्ये.

पहिल्या सामन्याचा शेवट सावकाश बघा. जॉर्डन मागून येऊन कार्ल मलोनच्या हातातून चेंडू काढतो, टाइमआउट न घेता पुढे येतो, युटाच्या ब्रायन रसेलसमोर उजवीकडे जातो, थबकतो आणि मारतो, घड्याळात ५.२ सेकंद उरतात. आता जॉर्डनवरची नजर काढा आणि बाकीचे आठ जण बघा. तेव्हाच्या नियमांनुसार बचाव करणाऱ्याला दोघांच्या मध्ये घुटमळत राहता येत नसे: एकतर आपला माणूस धरा, नाहीतर पूर्णपणे चेंडूवर दुसरा बचावपटू म्हणून जा. त्यामुळे नव्वदच्या दशकात चांगला खेळाडू एका बाजूला चेंडू घेऊन उभा आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला पांगलेले, हे चित्र सारखं दिसतं. एकास एक लढत. समोरचा मात्र कमरेवर हात टेकवून, ढकलून, कोपर लावून रोखायचा, आणि पंच बरंच चालवून घ्यायचे.

दुसऱ्या सामन्यात करी रेषेपासून कितीतरी मागून, सुमारे ३८ फुटांवरून, शेवटचा शॉट मारतो. त्या सामन्यातला त्याचा बारावा थ्री, त्या वेळच्या विक्रमाची बरोबरी. तो मधली रेषा ओलांडतो तेव्हा बचाव कुठे उभा आहे बघा: मागे सरकत, कारण इतक्या लांबून कुणी मारणार नाही ही शेकडो सामन्यांची सवय. आजचे बचावपटू तिथे आधीच पुढे येतात. एका खेळाडूने कोर्टचा वापरायचा भाग वाढवला तो असा.

हे दोन्ही बघितल्यावर ‘आज बचावच करत नाहीत’ हे वाक्य तुमच्या तोंडी येणार नाही. आजच्या बचावपटूला हात लावता येत नाही, पण झोन करता येतो, आणि राखायची जागा दुप्पट झाली आहे. मात्र मत बनवायला सामना निवडताना जपा. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले, भारतातले एनबीएचे पहिलेच. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिला सामना ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा सुटला. मजा आली, पण ते हंगामापूर्वीचे सराव सामने होते. बचाव बघायचा तर एप्रिलनंतरचे प्लेऑफ बघा. आपल्याकडे ते पहाटे किंवा सकाळी लागतात, तेवढी झोप मोडावी लागेल.

सातवी पायरी: प्रश्न नेमका विचारा, मग उत्तर द्या

‘सर्वांत मोठा काळ’ या एका वाक्यात निदान चार प्रश्न कोंबलेले असतात, आणि माझी उत्तरं चारही वेगळी आहेत. एका संघाची सत्ता विचाराल तर साठचं दशक, बिल रसेल, दुसरं नाव नाही. एका माणसाने खेळावर ठेवलेली पकड विचाराल तर नव्वदचं दशक: जॉर्डनची सहा विजेतेपदं, १९९५-९६ चे ७२ विजय आणि १० पराभव, तेही लीगभर गुण आटत चाललेले असताना. सगळ्यांत तरबेज खेळाडू कधी होते विचाराल तर आज. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले ते उगाच नाही.

आणि निव्वळ बास्केटबॉल म्हणून सर्वांत सुंदर काळ कोणता असं विचाराल तर मी १९८४ ते १९८८ सांगेन. मॅजिक जॉन्सनचे लेकर्स आणि लॅरी बर्डचे सेल्टिक्स त्या पाच वर्षांत तीनदा फायनलमध्ये भिडले. वेग होता, पण साठच्या दशकातली घाई नव्हती. थ्री-पॉइंटर होता, पण सगळा खेळ त्याच्याभोवती फिरत नव्हता; पोस्टमधला (बास्केटजवळ पाठ करून खेळणारा) सेंटर, मधल्या अंतराचा शॉट, फास्ट ब्रेक (बचाव सावरायच्या आत केलेली धाव), सगळ्यांना जागा होती. संघ तेवीसच असल्यामुळे बाकावरही दिग्गज बसलेले असत. १९८५-८६ चे सेल्टिक्स घरच्या मैदानावर ४१ पैकी ४० सामने जिंकले, आणि १९७८ चा एमव्हीपी बिल वॉल्टन त्या संघात बदली खेळाडू म्हणून यायचा. माझ्याशी वाद घालायचा असेल तर त्या संघाच्या फायनलपासून सुरुवात करा.